न मुरगळलेला पाय

इंग्लंडमध्ये मेडनहेडच्या आमच्या ऑफिसात एक कॅनेडियन होता, साठीला टेकलेला. त्याला त्याच्या देशातला फुटबॉल इथे रुजवायचा होता. म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, एका बाजूला बारा जण. सॉकर आणि रग्बी सोडून इकडे कोण येणार? तरी त्याने कँटीनमध्ये एकेकाला गाठून पंधरा जण जमवले. मी जाडा, म्हणून मला पुढच्या फळीत उभं केलं. "तुला काही करायचं नाही. फक्त हलायचं नाही," तो म्हणाला.

दोन सीझन आम्ही हाउन्सलोच्या एका मैदानावर खेळलो. समोर अमेरिकन पद्धतीने खेळणाऱ्या टीम्स असायच्या; त्यांना तो गोड बोलून आमच्या नियमांनी खेळायला राजी करायचा. आम्ही एकही मॅच जिंकलो नाही. हरलो की तो व्हॅनमधून थर्मास काढून सगळ्यांना सूप द्यायचा आणि कुणी काय चांगलं केलं ते सांगायचा. माझ्या बाबतीत त्याला जरा विचार करावा लागायचा.

हळूहळू लोक गळाले. कुणाला मूल झालं, कुणी नोकरी बदलली. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या मॅचला आम्ही मोजून बारा उरलो होतो. त्या रविवारी सकाळपासून पाऊस होता, आणि ईलिंगला मित्राकडे मिसळीचा बेत होता. मी कॅनेडियनला मेसेज टाकला, 'पाय मुरगळलाय, सॉरी.' लगेच उत्तर आलं, 'बर्फ लाव. मॅचची काळजी करू नकोस.'

मी दुसऱ्यांदा तर्री वाढून घेत असताना टीममधल्या एकाचा फोन आला. माझ्या जागी कॅनेडियन स्वतः मैदानात उतरला होता. खांद्याचं हाड मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या वॉर्डात मी लंगडत गेलो. लंगडत! हे लिहितानाही कान तापतात. खुर्चीवर त्याची बायको बसली होती. तो तिला म्हणाला, "अगं, त्याला बसू दे. त्याच्या पायाला लागलंय."

ती उठली. मी बसलो.

"टीम बंद करतोय," तो म्हणाला. "तुम्हा सगळ्यांना घरदार आहे. आधी तुझा पाय, मग माझा खांदा. कुणाला याहून जास्त लागायच्या आत थांबलेलं बरं."

"माझा पाय एवढा काही..."

"उगाच मला धीर देऊ नकोस."

तिथेच बोलायला हवं होतं. त्याची बायको अजून उभीच होती. मी "बरं" म्हणालो आणि परत जातानाही लंगडलो.

पुढच्या वर्षी रिटायर होऊन तो कॅनडाला परतला. निरोपाच्या पार्टीतही मी गप्पच. दोन वर्षांनी एकदाचा फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. मग त्याने विचारलं, "बाकीच्यांना सांगितलंस?"

"नाही."

"टीम त्यांचीही होती."

तेव्हापासून एकेकाला शोधून सांगतोय. एकाने हसण्यावारी नेलं. दुसरा म्हणाला, "त्या दिवशी माझ्या मुलीचा वाढदिवस होता. तिला रडत सोडून आलो होतो, कारण मी नसतो तर अकराच झाले असते."