आत्याबाईचे पन्नास खण

आधी घर बघा. मुखेडपासून तीन कोसांवरच्या गावातलं, घरकुलाचं, दोन खोल्यांचं सिमेंटचं घर. चैत्रातली टळटळीत दुपार. दाराला लावलेला जुन्या साडीचा पडदा वाऱ्यानं फुगतो, बाजूला होतो आणि आतलं हळूहळू दिसू लागतं. डाव्या हाताला धान्याची कोठी. उजवीकडं खाटेवर एका कुशीवर निजलेली नऊ वर्षांची शिवांगी. खाली तूर निवडत बसलेली तिची आजी चांगुणा आणि आई मंजुश्री. आणि मागच्या भिंतीवर, लोखंडी खुंटीला टांगलेलं, तान्ह्या लेकराएवढं एक गाठोडं, हिरव्या खणात बांधलेलं. वीज गेली आहे, पंखा बंद आहे, कुणी बोलत नाही. तेवढ्यात गाठोड्यातून आवाज येतो. ढुम्. एकदाच. चांगुणाचे हात सुपातच थांबतात.

या चांगुणाला कुणी भित्री म्हटलं असतं तर अख्खं गाव हसलं असतं. पंचवीस वर्षं तिनं अंगणवाडीत खिचडी शिजवली. एकदा पातेल्यात साप निघाला, तर वर झाकण ठेवून तिनं आधी लेकरं बाहेर काढली आणि मग साप. नवरा गेला तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती चुलीपुढं हजर होती. म्हणाली, मेलेल्याला भूक नसते, पोरांना असते. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात ती एकाच गोष्टीला भ्याली. त्या गाठोड्याला.

घरात त्याला आत्याबाई म्हणत. चांगुणाच्या सासऱ्याची एक बहीण होती, सरजाबाई. बाराव्या वर्षी तिच्या डोक्यात जट आली. जट म्हणजे केसांचा गुंता होऊन झालेला चिवट दोर. फणीला दाद न देणारा. त्या काळी जट म्हणजे यल्लम्माचं बोलावणं. सरजाबाईला देवीला सोडलं आणि ती जोगतिणींबरोबर गावोगाव गेली. म्हातारपणी परतली ती हे गाठोडं घेऊन. स्वतःच्या हातानं खुंटीला टांगलं, उघडू नका म्हणाली, बाकी काही बोलली नाही. ऐंशीच्या पुढं जगली, पण डोक्यावरचा पदर आंघोळ करतानाही काढला नाही. बायका म्हणत, जट इतकी वाढलीय की बघणाऱ्याचे डोळे जातील.

चांगुणा लग्न होऊन आली त्याच्या आदल्या वर्षी ती वारली होती. सासू रुक्मिणबाईनं नव्या सुनेला बजावलं, की आत देवीचं तोंड आहे. दरसाल मार्गशीर्षाच्या पुनवेला त्यावर नवा खण बांधायचा, जुना सोडायचा नाही. आणि या घरात जट कापायची नाही.

हा दंडक चांगुणाच्या नवऱ्यानं मोडला. त्यांची थोरली लेक केवळा सात वर्षांची होती. तापानं पंधरा दिवस अंथरुणाला खिळली आणि तिच्या केसांची जट झाली. एका दुपारी बापानं रागाच्या भरात ती विळ्यानं कापून टाकली. त्याच दुपारी गाठोडं वाजलं. आठव्या दिवशी केवळा गेली. ताप आधीपासूनचा होता, हे चांगुणाला कळत होतं. पण कळणं एका खोलीत राहतं आणि भीती दुसऱ्या.

आता शिवांगीची पाळी आली होती. माघात टायफॉईड झाला, महिनाभर डोक्याला फणी लागली नाही, आणि उजव्या कानामागं बोटभर जाडीची जट उतरली. मान ओढायची, कानामागं चिघळलं होतं, शाळेत जाणं बंद झालं होतं. मंजुश्रीला ती कापायची होती. तिचा नवरा, म्हणजे चांगुणाचा मुलगा भागवत, ट्रकवर परमुलखात. फोनवर म्हणाला, आई म्हणेल तसं करा.

आणि शेजारणी हळदीकुंकू घेऊन यायला लागल्या. नऊ वर्षांच्या पोरीच्या पाया पडायला लागल्या. पहिले दोन दिवस शिवांगीला मौज वाटली. मग एकीनं विचारलं, माय, माझी शेळी कुठं हाय? शिवांगी कंटाळून म्हणाली, नाल्यात. शेळी नाल्यातच सापडली. त्या दिवसापासून पोर हसायची थांबली. साधं पाणी पाहिजे का विचारलं तरी उत्तर देण्याआधी ती भिंतीवरच्या गाठोड्याकडं बघायची.

म्हणून त्या दुपारी आवाज आला तेव्हा मंजुश्रीनं सूप बाजूला सारलं आणि सासूला म्हणाली, “मामी, मी आज कापून टाकणार हाय.”

“केवळाच्या वेळी बी असंच वाजलं व्हतं,” चांगुणा म्हणाली.

मंजुश्री भांडली नाही. तिचा बाप भजनात ढोलकी वाजवायचा. तिनं तो आवाज मनात पुन्हा घोळवला, मग म्हणाली, की हा आवाज तोंडाचा नाही, कातड्याचा आहे. लातूरला गंजगोलाईमागच्या बोळात व्यंकटीमामा म्हणून म्हातारे आहेत, माहेरची सगळी वाद्यं त्यांच्याकडंच मढवायला जातात. “आपण ज्याला भिऊन राहिलो, ते हाय तरी काय, एवढं बघू. मग तुम्ही म्हणाल तसं.”

चांगुणानं अट घातली. आत देवीचं तोंड निघालं तर शिवांगीच्या डोक्याला कात्री लावायची नाही. आज नाही, कधीच नाही. मंजुश्रीनं खाटेकडं पाहिलं. आपण पोरगी पणाला लावतोय हे तिला समजलं होतं. तरी ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत तिघी बसल्या. गाठोडं चांगुणाच्या मांडीवर. शेजारच्या बाईनं पदर सारखा करत प्रेमानं विचारलं, किती महिन्यांचं हाय लेकरू? चांगुणानं गाठोडं छातीशी ओढलं. शिरूर ताजबंदच्या वळणावर गाडीला हिसका बसला आणि मांडीवरून आवाज आला. ढुम्. ती बाई उठली आणि पुढं लातूरपर्यंत उभ्यानं गेली.

व्यंकटीमामांच्या दुकानात कातड्याचा आणि तबल्याच्या शाईचा वास होता. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो बोटांनीच बघायचा. त्यानं गाठोड्याला कान लावला, टिचकी मारली आणि म्हणाला, की सोडावं लागेल. चांगुणानं मान हलवली खरी, पण हात पुढं केला नाही. पहिली गाठ मंजुश्रीनं सोडली.

एकेक खण उतरू लागला. वरचे चकचकीत नायलॉनचे, मग टेरिकॉटचे, मग सुती. चांगुणा मागं सरून भिंतीला टेकली होती, पण प्रत्येक खण ओळखत होती. हा भागवतच्या लग्नाचा. हा नवरा गेला त्या वर्षीचा. एक लाल खण आला तेव्हा तिनं डोळे मिटले. तो केवळा गेल्यावर बांधलेला. खाली खाली तिचं सगळं आयुष्य उलट्या पावलांनी चाललं होतं आणि गाठोडं लहान लहान होत होतं. पन्नासेक खण निघाले असतील. सर्वांत आत रुक्मिणबाईचा एक, आणि त्याच्याही आत पांढऱ्या लुगड्याचा फाडलेला पदर. तो उलगडला आणि दुकानात खोबरेल तेलाचा वास पसरला. ताजा. आत्ता कुणी न्हाऊन केस विंचरायला बसावं तसा.

आत तोंड नव्हतं. लाकडाचं एक पोकळ नळकांडं होतं. त्याची एक बाजू कातड्यानं मढवलेली, दुसरी उघडी. कातड्याच्या मधून निघालेली तार वर, नळकांड्याला जोडलेल्या दांड्याच्या खुंटीला गुंडाळलेली.

“चौंडकं हाय, माय,” व्यंकटीमामा म्हणाले. “जोगतिणीचं. देवीपुढं वाजवतात ते.”

चांगुणाला हे पुरेसं नव्हतं. वाजवणारं कुणी नसताना ते वाजायचं कसं, तिनं विचारलं. म्हाताऱ्यानं समजावलं, की हवा कोरडी झाली की तार आखडते, खुंटी सटकते आणि कातड्यावर ठोका पडतो. बोलता बोलता त्यानं तारेवर बोट फिरवलं आणि झटक्यानं मागं घेतलं. मग पुन्हा फिरवलं, या वेळी अगदी सावकाश, वरपासून खालपर्यंत.

“ही आतड्याची तांत न्हाई,” तो म्हणाला. “केस हाय. बाईमाणसाचा.”

मंजुश्रीनं शिवांगीला जवळ ओढलं. म्हाताऱ्यानं खुंटी सैल केली आणि तार उजेडात धरायला सांगितली. काळीभोर, तेल पाजून पीळ दिलेली जट. एक टोक निमुळतं होत गेलेलं. दुसरं, मुळाकडचं, वस्ताऱ्यानं सरळ कापलेलं. आणि मधोमध, जिथं वाजवायची काडी लागते तिथं, घासून घासून काचेसारखी गुळगुळीत.

व्यंकटीमामा म्हणाले, की एवढी झीज एक-दोन वर्षांची नाही, हे तीस-चाळीस वर्षं तरी वाजलेलं आहे. ज्या बाईनं वाजवलं ती गेली तेव्हा किती वयाची होती?

चांगुणा भिंतीपासून पुढं सरकली. ती त्या काळ्या केसांकडं बघत होती. ऐंशीच्या म्हातारीचे ते केस नव्हते. तरण्या बाईचे होते. सरजाबाईनं ऐन तारुण्यात आपली जट आपणच उतरवली होती, तिची तार वळली होती आणि त्या तारेवर देवीचीच गाणी म्हणत जन्म काढला होता. तिला काहीही झालं नव्हतं. पदराखाली जट नव्हतीच. मरेपर्यंत ती तेवढंच झाकत राहिली, आणि घरानं तिच्या झाकण्यालाच खण बांधले.

“मेलीनं एकदा सांगायचं व्हतं,” चांगुणा चौंडक्याकडं बघून म्हणाली. आवाज चढला नाही. “जट कापल्यावर बी केवळा आठ दिवस तापातच व्हती. आठ दिवस मी हिच्यापुढं नारळ फोडत बसले. दवाखाना मुखेडला व्हता.”

बोळातून एक हातगाडी खडखडत गेली. म्हाताऱ्यानं तार तिथंच खाली ठेवली. मंजुश्री खाली पडलेले खण एकेक करून गोळा करू लागली.

चांगुणानं डोळे पुसले नाहीत. तिनं कात्री मागितली. व्यंकटीमामांनी कातडं कापायची मोठी कात्री काढली, पात्याला धार आहे म्हणून बजावलं. मंजुश्रीनं हात पुढं केला, पण चांगुणानं कात्री तिला दिली नाही. शिवांगीला दारातल्या उजेडात बसवलं, मान कलती केली, कानामागची जट डाव्या मुठीत धरली. पण कात्री हवेतच राहिली.

शिवांगीनं खालच्या आवाजात विचारलं, की आता मला कुणी शेळी विचारायला येणार न्हाई ना?

चांगुणानं कात्रीचं पातं केसांच्या मुळाशी नेलं. मूठ घट्ट आवळली.

“हालू नको गं,” ती म्हणाली. “कान कापला तर तुझी माय मला घरात घेणार न्हाई.”