वकारभाऊंचं गप्प राहणं

अकोल्याच्या जुन्या शहरात वकारभाऊंचं वेल्डिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, पुढं पत्र्याचं छप्पर आणि मागं सामान ठेवायला एक खोली. पण हाताला सफाई अशी, की त्यांनी बनवलेल्या फाटकाला वीस वर्षांनी कुरकुर ऐकू आली तर लोक म्हणतात, फाटक नाही कुरकुरत, भिंत खचली असेल. कामात माणूस हिरा. पैसे मागण्यात मात्र अगदी कच्चा, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

एखाद्याकडं बाकी राहिली, की वकारभाऊ त्याच्या घराकडं जायचे, दारात उभे राहायचे, आतून "काय म्हणता वकारभाऊ?" असं आलं की म्हणायचे, "काही नाही, इकडून जाऊन राहिलो होतो." आणि परत. त्यांची बायको यास्मीन डोक्यावर हात मारून घ्यायची. "इकडून जाऊन राहिले होते तर तसंच पुढं निघून जायचं ना, चपला कशाले झिजवता?"

आता या दुकानात दुसरा माणूस शालिकराम. मूळचा हिवरखेडचा, एकोणीस वर्षांपासून वकारभाऊंबरोबर. पगारी नाही बरं का. दोघांचा जुना बोली करार होता: लोखंड वकारभाऊंचं, दुकान वकारभाऊंचं, पण मजुरी जेवढी येईल तिचे दोन भाग. अर्धे वकारभाऊंचे, अर्धे शालिकरामचे. गिऱ्हाईकानं दिले की त्याच संध्याकाळी वाटणी. कागद नाही, सही नाही. एकोणीस वर्षांत कधी वाद नाही.

आणि मग आलं हाजी रहमतुल्ला सेठचं काम. सेठनं जठारपेठेकडं चौदा फ्लॅटची इमारत उभी केली. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचं रेलिंग, खालचं मोठं फाटक, सगळं वकारभाऊंना दिलं. सेठ माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. गोड बोलणारा, नमाजी, गल्लीत कोणाच्या पोरीचं लग्न असलं तर मदत करणारा. फक्त कारागिराचे पैसे द्यायचे म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. "अरे वकार, तुझे पैसे कुठं जातात? पुढच्या जुम्म्याले ये." असे किती जुम्मे आले आणि गेले. पूर्ण अकरा महिने. बाकी होती दोन लाख चार हजार, आणि त्यात अठ्ठावन्न हजार शालिकरामची मजुरी.

शालिकराम एवढे महिने गप्प होता, कारण वकारभाऊ दर वाटणीला म्हणायचे, "सेठकडून आले की पहिले तुले." पण यंदा त्याच्या पोरीचा, प्रणालीचा, अमरावतीला नर्सिंगला नंबर लागला. घराण्यात पहिली पोरगी शिकायला बाहेर जाणार. फी बावन्न हजार, भरायची शेवटची तारीख वीस. नाही भरली तर जागा दुसरीला. शालिकरामनं एवढंच सांगितलं, "भाऊ, आतापर्यंत मी म्हटलं नाही. आता म्हणतो." वकारभाऊंनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

त्याच आठवड्यात सेठ गेले. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

सगळं जुनं शहर मयतीला लोटलं. कब्रस्तानच्या मैदानात नमाजासाठी रांगा लागल्या. वकारभाऊ तिसऱ्या रांगेत. त्यांच्या डाव्या बाजूला फरशीवाला, त्याचेही सेठकडं अडकलेले. उजवीकडं रंगवाला, त्याचेही. शालिकरामही आला होता. डोक्याला रुमाल बांधून बाकीच्या हिंदू मंडळींबरोबर बाजूला लिंबाखाली उभा होता.

नमाज सुरू होण्याआधी एक रीत असते. मेलेल्या माणसाच्या मानेवर कर्ज राहिलं तर त्याचा जीव अडकून पडतो, म्हणून घरचा माणूस पुढं येऊन सगळ्यांना विचारतो. सेठचा मुलगा गुलफाम पुढं आला. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. म्हणाला, "मरहूम पर किसी का लेना-देना हो तो हम को बताओ. नहीं तो अल्लाह के वास्ते माफ कर दो."

वकारभाऊंच्या जिभेवर आकडा आला होता. दोन लाख चार हजार. फरशीवाल्यानं मान खाली घातली. रंगवाला दुसरीकडंच बघू लागला. त्यांच्या मनात आलं, समोर सेठ पांढऱ्या कापडात, बापासाठी रडणारा पोरगा, आणि मी इथं उभा राहून पैसे मागू? लोक काय म्हणतील? वकारभाऊ गप्प राहिले. आणि खरं सांगायचं तर, आपण गप्प राहिलो याचं त्यांना आतून थोडं बरंही वाटलं. आपण मोठ्या मनाचे, असं. नंतर घरी जाऊन हळूच सांगू गुलफामला, पोरगा शिकलेला आहे, समजून घेईल. असा त्यांचा हिशेब होता.

बाप्पा, काय हा हिशेब!

चाळीसावा, म्हणजे चाळीसाव्या दिवसाचा विधी, झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण वीस तारीख काही चाळीसाव्यासाठी थांबणार नव्हती. शेवटी सतराला सकाळी ते सेठच्या घरी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा, इकडून जाऊन राहिलो होतो असं न म्हणता, सरळ बोलले.

गुलफामनं पाणी दिलं, खुर्ची दिली. मग शांतपणे म्हणाला, "चाचा, मयतीत मी सगळ्यांसमोर विचारलं होतं. तुमी तिसऱ्या रांगेत होते, मी पाहिलं तुमाले. तुमी काही बोलले नाही. म्हणजे माफ झालं ना? आता मागता, म्हणजे अब्बाच्या मानेवर पुन्हा ओझं ठेवता."

वकारभाऊंनी पाण्याचा गिलास खाली ठेवला. खोटं तर पोरगा एक शब्द बोलला नव्हता. ते उठले आणि दुकानात आले.

शालिकराम एका फाटकाच्या पट्ट्या कापत होता. वकारभाऊंचा चेहरा बघून त्यानं कटर बंद केला. वकारभाऊंनी सगळं सांगितलं. शालिकरामनं पट्टीवरचा चुरा फडक्यानं पुसला.

"तुमी काहून गप्प बसले, भाऊ?"

"मयत समोर होती रे. कसं मागू?"

"बराबर हाय. तुमचे होते, तुमी सोडले. पण माह्ये अठ्ठावन्न?"

त्या रांगेत उभं असताना वकारभाऊंना सेठ दिसला, गुलफाम दिसला, लोक दिसले. लिंबाखाली रुमाल बांधून उभा असलेला शालिकराम दिसलाच नाही. आपलं मन मोठं करताना आपण दुसऱ्याच्या घामाचे पैसे देऊन टाकले, हे त्यांना आत्ता, या क्षणी कळलं. आणि कळलं तेव्हा त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांना शालिकरामकडं बघवेना.

"मी देतो तुले," ते म्हणाले. "मशीन विकतो."

"मशीन विकाल तर उद्या खासाल काय? अन् तीन दिवसांत कोण घेते?" शालिकरामनं हात धुतले. "चला माह्याबरोबर."

सेठच्या घरी गुलफामनं दोघांना दारात बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. शालिकराम पायरीवरच उभा राहिला. आवाज चढवला नाही त्यानं.

"गुलफामशेट, मयतीत मी बी होतो. लिंबाखाली. तुमी रांगेतल्या लोकायले विचारलं, मले कोणी विचारलं नाही. म्हणून सांगाले आलो. सेठकडं माही अठ्ठावन्न हजार मजुरी हाय, अन् मी सेठले माफ केलं नाही."

"तुमचा हिशेब वकारचाचांशी," गुलफाम म्हणाला. "आमचा तुमच्याशी काय संबंध?"

"असंल. कायद्यानं नसंल संबंध. पण त्या जिन्यावर सेठ सोता उभे राहत अन् म्हणत, शालिकराम, रेलिंग सरळ धर, माह्या नातवायचे हात लागतीन याले. तवा संबंध होता. मी भांडाले नाही आलो. मले पोरीची फी भरायची हाय. तुमी नाही दिले तरी मी परत नाही येणार. पण माफ मी केलं नाही, एवढं तुमाले ठाऊक असू द्या."

आतल्या दाराला पडदा होता. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस परक्या माणसासमोर यायचं नाही, म्हणून सेठची बायको नईमाभाभी पडद्यामागंच असायची. तिथून तिचा आवाज आला.

"शालिकरामभाई, कितना बोले?"

"अठ्ठावन्न हजार, भाभी."

"गुलफाम, अंदर आ. कपाट की चाबी ले."

"अम्मी, पर..."

"तेरे अब्बा वहाँ अटके रहें, और मैं यहाँ उनके घर में बैठूँ? जा."

गुलफाम आत गेला. तो परत आला आणि त्यानं नोटांचं पुडकं शालिकरामच्या हातात दिलं. शालिकरामनं पायरीवर बसून पैसे मोजले. मग पडद्यामागून पुन्हा आवाज आला.

"वकारभाई, आप? आपने तो माफ कर दिया था ना?"

आता बोला. विचारलं होतं. उघड, नाव घेऊन, दोन माणसांसमोर. लोखंडवाल्याची उधारी डोक्यावर, यास्मीनच्या कानातलं गहाण, दुकानाचं भाडं थकलेलं. "नाही भाभी" एवढे दोन शब्द म्हणायचे होते. शालिकराम त्यांच्याकडं टक लावून बघत होता. वकारभाऊंनी पडद्याकडं पाहिलं. मूर्ख म्हणा हवं तर, मी तर म्हणतोच.

"जी भाभी," ते म्हणाले. "मेरे हिस्से का माफ किया."

आतून रडण्याचा आवाज आला. गुलफामनं खाली बघितलं. एक लाख सेहेचाळीस हजार असे एका वाक्यात गेले. पण या वेळी ते गेले ते वकारभाऊंचे स्वतःचे.

दोघं रस्त्यावर आले. शालिकरामनं पैसे शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले, वरून बटण लावलं.

"उद्या प्रणालीले घेऊन अमरावतीले जातो. फी भरून येतो."

"जा. कामाची चिंता करू नको."

थोडं चालल्यावर वकारभाऊ थांबले. "शालिकराम, त्या दिवशी मी तुह्या पैशावर गप्प बसलो. मले माफ केलं ना?"

शालिकराम काही बोलला नाही. कोपऱ्यावर लावलेल्या मोटरसायकलला किक मारली, बसला, गाडी चालू ठेवून थोडा वेळ तसाच थांबला. वकारभाऊही वाट बघत उभे राहिले. पूर्वीचे वकारभाऊ असते तर त्यांनी त्या गप्प राहण्याचा सोयीचा अर्थ लावला असता आणि घरी गेले असते. आता तसं करायची त्यांची हिंमत नव्हती.

"परवा येतो कामाले," शालिकराम म्हणाला. "तवा विचारा, भाऊ. गल्लीतल्या लोकायसमोर, मोठ्यानं विचारा. हो का नाही, ते मी मोठ्यानं सांगीन."