गोजरमावशीनं झाडलेली चौफुली

मंठ्याच्या चौफुलीवर माझं सायकलचं दुकान. दुकानाच्या वळचणीला गोजरबाई फुटाणे-शेंगदाणे घेऊन बसते. सगळे तिला मावशी म्हणतात, मी पण. ही गोष्ट गेल्या सालची, नव्व्याण्णवची. जालन्याकडून येणारे ट्रक असे सुटतात, जसा काही रस्ता त्यांच्या बापाला आंदण मिळालाय. त्यातून शाळेची पोरं पार जायची, कुणी पायी, कुणी सायकलीवर. दोन सालं आधी धर्मराज मास्तरांना सायकलीसकट उडवलं. मास्तर वाचले, पण एक पाय गेला तो गेलाच.

मावशीची नात बेबीनंदा त्याच रस्त्यानं आठवीला जायची. आईबाप ऊसतोडीला, पोर मावशीच्या पदरात. पोरीची सायकल दुकानापुढून निघाली की मावशीचं गिऱ्हाईक गेलं उडत! माप हातात धरून ही उभी.

"कचरू, गेली का रे पल्याड? मला धुळीत दिसून न्हाई राह्यलं."

"गेली मावशी, गेली."

मंग कुठं तिचा जीव भांड्यात पडायचा.

गतिरोधक पाह्यजे, पांढरे पट्टे पाह्यजे, मधोमध पोरांना थांबायला ओटा पाह्यजे, अशी अर्जी मी लिहिली आन् मावशीनं घरोघर फिरून अंगठे घेतले. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. आमचं दीड वर्ष गेलं.

एकदा मी टायर आणायला जालन्याला गेल्तो, मावशी हसनाबादला बहिणीकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आलो, तर मावशी पण परतलेली, रस्त्याच्या कडेला कपाळाला हात लावून उभी. आदल्या दिवशी अमुशा होती. अमुशाला आमच्याकडं लोक घरातली पीडा उतरवून चौफुलीवर उतारा टाकतात: लिंबू, हळद-कुंकू, असलंच काही. पण एवढा मोठा उतारा मी बापजन्मात पाह्यला न्हवता. रस्ताभर चुन्याच्या लांब रेघा, कडेला चार खुंट्या, त्यांना लाल चिंध्या, आन् शेजारी चिरलेलं लिंबू. नेमकं पोरं पार जातात तिथंच!

"कोण्या मेल्यानं केलं रे हे? माह्या पोरीच्या वाटंवर! शाळेचा टाइम होऊन राह्यला, जल्दी काढ!"

मी सातवी पास माणूस. हसलो, पण ते लिंबू काही ओलांडलं न्हाई. खुंट्या मीच उपटल्या. मावशीनं खराट्यानं रेघा झाडल्या, वर गोमूत्र शिंपडलं आन् खुंट्या नाल्यात फेकून आली.

आठवड्यानं डांबर, रोलर, मजूर आले. मावशीनं त्यांना फुकट फुटाणे वाटले, एवढी खुशी! मुकादम मात्र कागद घेऊन इकडून तिकडं फिरत होता. शेवटी पन्नास पावलांवर, हाटेलापुढं, काम सुरू झालं. मी धावत गेलो.

"अहो, इथं कामून? पोरं तिकडून जातात!"

"खुणा कुठं हायेत?" मुकादम खेकसला. "बांधकाम खात्याच्या साहेबानं चुन्याच्या रेघा मारल्या, लाल चिंध्या बांधून खुंट्या ठोकल्या. एक सापडंना. मंग धरली सपाट जागा."

हाटेलवाला सर्जेराव तिथूनच वरडला, "अमुशाच्या दिशी आल्ते की साहेब! मला वाटलं तुम्हाला ठावं आसंल."

मावशी माझ्या मागूनच आल्ती. "माह्या हातानं झाडलं रे," एवढंच म्हणत राह्यली. खुंट्या तर मी उपटल्या होत्या. तेवढं माझ्या तोंडून निघालं न्हाई, आन् त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात जाऊन सगळं कबूल करून आली. केस-बिस होईल म्हणून माझीच टरकली होती. साहेब भला माणूस, रागावला न्हाई. नवी मंजुरी लागंल म्हणाला, दोनएक वर्षं तरी.

"तव्हर पोरीला पार कोण करंल, साहेब?" मावशीनं इचारलं. त्यानं पाणी प्यायला दिलं.

झालं काय, गतिरोधक, पट्टे सगळं हाटेलापुढं; ट्रक तिथं दबकायचे आन् गतिरोधक ओलांडला की जोर करून बराबर पोरांवर यायचे. पहिल्यापेक्षा वाईट! पट्ट्यावरून जा म्हणलं तर बेबीनंदा ऐकंल तर शप्पथ. एवढा फेरा घातला तर मैत्रिणी हसतात म्हणे. मंग मावशीच रस्त्यात उतरायला लागली, पोरीच्या पुढं, दोन्ही हात पसरून. एका सकाळी ट्रक करकचून ब्रेक मारत तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरनं आयमाय काढली. मावशी जागची हलली न्हाई.

बेबीनंदानं सायकल तिथंच टाकली, आज्जीचा दंड धरून तिला कडेला ओढलं. पोरगी रडून राह्यल्ती.

"आज्जे, मी आता ट्रककडं पाहतच न्हाई. तुह्याकडंच पाहते. अशानं मरीन मी एखाद्या दिशी."

त्या दिवसापासून पोरगी सायकल हातात धरून पन्नास पावलं चालते आन् पट्ट्यावरून पार होते. हसणाऱ्या हसतात. मावशी आपल्या जागेवर बसते.

पण बाकीची पोरं? ती तिथूनच पळतात, आन् त्यांच्या वाटंतल्या खुंट्या मी उपटल्यात. शाळेच्या टायमाला माझ्याकडं पंक्चर घेऊन येऊ नका. मी रस्त्यात उभा असतो.