टाचांवरचा भार

आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीत घालायची वस्तू. फॅक्टरीतून लादी यायची, ती गोणपाटात गुंडाळून दांड्याने फोडायची आणि बांगड्यांवर पसरायची. त्यामुळे मी बर्फाच्या डोंगरावर जाणार, पायाला फळ्या बांधून चढणार आणि त्याच फळ्यांवरून घसरत खाली येणार, हे देवबागेत कळलं तेव्हा शेजारच्या काकीने एका दमात निकाल देऊन टाकला. "गो, बरफात मासो घालतत. माणूस न्हय."

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि मालवणातल्या एका शाळेत पी.टी. शिकवत होते. घर देवबागेत, बाबा रापणीवर मासे पकडायचे. कोल्हापूरला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करताना कडे चढायचा नाद लागला, आणि त्या नादापायी दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या उत्तरेत गिर्यारोहण शिकण्यात घालवल्या. तिथे कुणीतरी माझं नाव लक्षात ठेवलं असावं. पत्र आलं. पाच मुलींची तुकडी मे महिन्यात स्कीवरून एका शिखरावर जाणार आहे, सोबत गाईड असेल, येतेस का? शिखर सहा हजार मीटरच्या वरचं. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की लोक नकाशा काढून उंची बघत बसतात आणि मूळ गोष्ट राहून जाते.

पत्रात एक प्रश्न होता, स्की येते का? कोर्सच्या शेवटी जेमतेम चार दिवस मी स्की पायात घातल्या होत्या, आणि त्यातला बराच वेळ त्या वर आणि मी खाली अशी अवस्था होती. तरी उत्तरात ‘येते’ असं ठोकून दिलं. खोटं बोलायची मला सवय नाही, पण त्या दिवशी जराही लाज वाटली नाही. इतकं हवंसं वाटलेलं दुसरं काही मला आयुष्यात आठवत नाही.

आता खोटं खरं करून दाखवायचं तर सराव हवा, आणि बर्फ तर फक्त पेटीत. मग मी वाडीतल्या होड्या बांधणाऱ्या सुतारांना गाठलं. त्यांनी उंडीच्या लाकडाच्या दोन लांब फळ्या तासल्या, होडीची फळी शेकून वाकवतात तशी त्यांची टोकं वर वळवली आणि वर चपलेच्या पट्ट्या ठोकून दिल्या. "होडयेची फळी करून हात थकलो, आता पायाची फळी," ते म्हणाले. खालून मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लावायचा सल्लाही त्यांचाच. त्या तेलाच्या वासाने दोन कुत्री रोज माझ्या मागून यायची. सुरूच्या बनापलीकडे वाळूचे उंच ढीग होते. शाळा सुटली की मी तिथे जाऊन वरून खाली घसरायचे. पहिले चार दिवस बघायला गर्दी झाली. पाचव्या दिवसापासून लोकांना कंटाळा आला आणि मला जमायला लागलं. वाळूत फळ्यांची टोकं रुतायची, म्हणून मी अंग मागे टाकून, सगळा भार टाचांवर घेऊन उतरायचे. महिन्याभरात एकदाही न पडता खाली यायला लागले. मला वाटलं, झालं, आलं स्की.

घरून विरोध असा झालाच नाही. आई दोन दिवस भांडी आपटत राहिली आणि तिसऱ्या दिवशी सुके बांगडे भरायला बसली. "थंय मासे गावतत काय?" एवढाच तिचा प्रश्न. बाबा माझ्या बाजूने होते. "पाण्याक भियाली नाय, ती डोंगराक कित्याक भियात?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि ते ऐकून मला फार बरं वाटायचं. मुख्याध्यापकांनी सुट्टीआधीच्या चार दिवसांच्या रजेच्या अर्जावर सही केली आणि शुद्ध मराठीत बजावलं, "हातपाय मोडून येऊ नका, जूनमध्ये कवायत आहे."

बेस कॅम्पवर पोचलो तेव्हा सगळा डोंगर पांढरा होता. आमचे गाईड पन्नाशीचे, पहाडातले, कमी बोलणारे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. माझ्या तंबूत हिमाचलची एक मुलगी होती. ती चालायला लागली तेव्हापासून स्की करत होती. माझे बांगडे बाहेर फेकायची धमकी तिने पहिल्या दिवशी दिली आणि तिसऱ्या दिवशी अर्धे खाल्ले.

चढताना मी कुणाला हार गेले नाही. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवायची असते. मोरीच्या कातडीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतं आणि उलटा फिरवला तर खरखरीत, तशीच ती पट्टी. पाय पुढे सरकतो पण मागे घसरत नाही. ते मी कुणी समजावून सांगायच्या आत समजले होते. दोराच्या गाठी तर आम्हाला जन्मतः येतात. खरी परीक्षा पट्ट्या काढून खाली उतरायची होती.

उस्तादांनी सगळ्यांना एका उतारावरून खाली यायला सांगितलं. बाकीच्या चौघी वळणं घेत छान आल्या. मी निघाले, देवबागच्या थाटात अंग मागे टाकलं, आणि स्की माझ्या खालून निघून गेल्या. उठले, पुन्हा पडले. पाऊणशे पावलांच्या उतारावर सात वेळा पडले. खालून उस्ताद ओरडत होते, "पीछे मत बैठो!" आणि मी जास्तच मागे बसत होते. भीती वाटली की माणूस आपल्या सवयीकडे पळतो, आणि माझी सवय नेमकी उलटी होती. वाळूत टाचांनी तारलं, बर्फात टाचांनीच बुडवलं.

संध्याकाळी त्यांनी मला बाजूला बोलावलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांच्या हिंदीत ते म्हणाले, वर जायला हरकत नाही, खाली यायला आहे. वरच्या कॅम्पपासून खिंडीपर्यंतच्या उतारावर भेगा आहेत. तिथे एक पडली तर तिला काढायला जाणाऱ्या बाकीच्यांनाही घेऊन जाईल. आज सोडून तीन दिवस देतो. तिसऱ्या दिवशी हा उतार न पडता उतरलीस तर वर चल, नाहीतर इथेच स्वयंपाक्याच्या हाताखाली राहा.

मी तंबूत जाऊन रडले. सोबतीण म्हणाली, "तुला टाचांवर उभं राहायला कुणी शिकवलं?" तेव्हा कुठे मला उलगडा झाला. फळ्या महिन्याभराच्या होत्या, टाचा जन्माच्या. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांबच लांब जाळं. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. दोर ओढताना अंग मागे टाकून, वाळूत टाचा रोवून, एकेक पाऊल मागे जावं लागतं. मुलगी असून मी सहा-सात वर्षांची असल्यापासून भावांच्या बरोबरीने तो दोर ओढला होता. माझ्या अंगाला कुठलंही संकट दिसलं की ते मागे रेलून टाचा रोवायचं. आता हे उस्तादांना हिंदीत कसं समजावणार? आणि समजावून तरी काय, उतार थोडाच ऐकणार होता?

पहिला दिवस पडण्यात गेला. दुसराही. मांड्या काळ्यानिळ्या झाल्या, नाकाचं साल निघालं, आणि तोंडातून असे शब्द यायला लागले की मालवणी कुणाला कळत नाही याबद्दल मी देवाचे आभार मानले. स्वयंपाक्याने तर तिसऱ्या दिवशी सकाळी मला कांदे सोलायला दिले. त्याचा हेतू चांगला होता, पण त्या कांद्यांचा मला भयंकर राग आला.

दुपारी वारा सुटला. बाहेर सामानाचा ढीग उघडा पडला होता, त्यावर ताडपत्री टाकायला स्वयंपाक्याने मला हाक मारली. तो एक टोक धरून दुसरं ओढत होता आणि ताडपत्री त्याच्याच डोक्यावर येत होती. मी वैतागून म्हटलं, सोड. ताडपत्री अर्धी डाव्या कोपरावर घेतली, कड उजव्या हातात धरली, गुडघे वाकवले आणि फेकली. ती हवेत उघडून नेमकी ढिगावर बसली.

स्वयंपाक्याने शाबासकी दिली, पण माझं लक्ष माझ्या पायांकडे होतं. टाचा जवळजवळ उचललेल्या होत्या. भार चवड्यांवर, गुडघे पुढे, दोन्ही हात पुढे. कर्लीच्या खाडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून बाबांनी मला पाग टाकायला शिकवलं होतं. पाग म्हणजे एकट्याने हाताने फेकायचं गोल जाळं. पहिल्यांदा मी फेकला तेव्हा तोल जाऊन पाण्यात बसले होते, आणि बाबा हसत म्हणाले होते, "टाचेर रवलंस तर मासो ऱ्हवता, तूच गावतंस." टाचेवर उभं राहिलं की मासा राहतो बाजूला आणि आपणच सापडतो. म्हणजे माझ्याकडे उभं राहायच्या दोन तऱ्हा होत्या. एक रापणीची, एक पागाची. तीन दिवस मी चुकीची वापरत होते.

तशीच स्की घेऊन धावले. उस्ताद चहा पीत होते, त्यांना म्हटलं, बघा. पहिल्या खेपेला अर्ध्यावर पडले, पण पुढच्या बाजूला पडले. पुढे पडल्याचा एवढा आनंद झालेली मी जगात पहिलीच असेन. दुसऱ्या खेपेला मनातल्या मनात पाग कोपरावर घेतला, समोर पाणी आहे असं धरलं आणि निघाले. वळण आलं की जाळं फेकायचं, पुन्हा गोळा करायचं, पुन्हा फेकायचं. खाली पोचले तेव्हा उभी होते. उस्ताद म्हणाले, "हात असे काय धरलेस, कुणाला मिठी मारायची आहे का?" मग कप झटकून म्हणाले, "पुन्हा कर." पुन्हा केलं. पुन्हा उभी. "सामान बांध," ते म्हणाले, आणि मी स्वयंपाक्याला जाऊन सांगितलं की बाकीचे कांदे तुझे तूच सोल.

त्यानंतर आठवडाभराने आम्ही शिखरावर गेलो. शेवटच्या खिंडीत स्की बर्फात उभ्या रोवून ठेवल्या, बुटांना लोखंडी काटे बांधले आणि दोरावर एकमेकींना धरून ती अरुंद धार चढलो. एका बाजूला निळसर बर्फ सरळ खाली गेलेला, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. उस्ताद पुढे पायऱ्या तोडत होते आणि मी तीच पायरी बघत होते, पुढची नाही. माथा आमच्या माजघराएवढाही नव्हता. मला वाटलं होतं तिथे काहीतरी मोठं सुचेल. सुचलं एवढंच की माझ्या वाटणीचा भात आता झाकून ठेवायचा नाही हे विसरून आई तो झाकत असेल. आणि मी पोटभर हसले, कारण मला फार, फार आनंद झाला होता.

उतरताना खिंडीत पोचलो आणि ढग खाली आला. आभाळ आणि बर्फ एकच झालं, उतार कुठे आहे आणि सपाटी कुठे तेही डोळ्यांना कळेना. त्यातच माझ्या सोबतिणीचं, आमच्यातल्या सगळ्यात तरबेज मुलीचं, डोकं ठणकायला लागलं. ती ओकली आणि खाली बसली. उंची कुणाला कधी लागेल सांगता येत नाही. तिला ताबडतोब खाली न्यायला हवं होतं, आणि तिला दोराने आपल्याशी बांधून उस्तादांनाच आणावं लागणार होतं. म्हणजे भेगांच्या उतारावरून पुढे दुसऱ्या कुणीतरी वाट काढायची. सकाळी रोवलेल्या लाल झेंड्या शोधत जायचं, आणि मागच्यांनी त्या रेघेवरून यायचं.

उस्तादांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं.

मला वाटलं त्यांची चूक झाली. मी म्हटलं, उस्ताद, या तिघी माझ्यापेक्षा चांगल्या उतरतात. ते म्हणाले, "चांगल्या उतरतात, म्हणून वेगात जातील. तू सगळ्यात जास्त पडली आहेस. माणूस कुठे पडतो ते तुला ठाऊक आहे. जा."

मी निघाले. दोन्ही हात पुढे धरून, अगदी हळू. वळण घेण्याआधी काठीने बर्फ टोचून बघायचे. काठी घट्ट लागली की वळायचे, पोकळ लागली की थांबून लांबून फिरायचे. एक झेंडी दिसेपर्यंत जीव टांगणीला. ती दिसली की मागे ओरडायचे, "आसा, आसा!" म्हणजे आहे, आहे. दुसरा शब्द सुचतच नव्हता. मागून तीन आवाज तसंच ओरडून उत्तर द्यायचे, त्या मुलींना मालवणीचा म तरी ठाऊक होता का! एके ठिकाणी स्कीची टोकं माझ्या डोळ्यांदेखत हवेत गेली. मी तिथेच थांबले, आडवी सरकत मागे आले आणि डावीकडून वाट काढली. किती वेळ लागला ते मला आजही सांगता येत नाही. भार मात्र जिथे हवा तिथेच, चवड्यांवर होता.

वरच्या कॅम्पचे तंबू दिसले तेव्हा मी स्की काढल्या नाहीत. वळून वर बघत उभी राहिले. ढगात काही दिसत नव्हतं. मग एक आकृती आली, माझ्या रेघेवरून. मग दुसरी, तिसरी. नंतर बराच वेळ कुणीच नाही. शेवटी उस्ताद आले, आणि त्यांच्या दोरावर वाकलेली, पण स्वतःच्या पायांवर उभी असलेली माझी सोबतीण. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या मागून माणसं आली होती, आणि सगळी आली होती.