चार चाकं आणि गोठलेलं तळं

“अहो, ब्रेक दाबू नका, ब्रेक दाबू नका!” मागच्या सीटवरून ताई गाडी चालवणाऱ्या दाजींवर ओरडत होती. कॅनडातल्या त्या बर्फाळ उतारावर आमची गाडी भोवऱ्यासारखी फिरली. माझ्या हिशेबाने सतरा वेळा. ताई म्हणते, एकदाच. मग गाडी गोठलेल्या तळ्याच्या काठाशी, वीतभर अंतर राखून थांबली. माझा जीव मात्र अजून फिरतच होता.

शोरूममध्ये ताईला चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी हवी होती. दाजींनी मागच्या दोन चाकांना जोर असलेली घेतली. “अख्खा ताम्हिणी घाट मागच्या चाकांवर चढलोय,” म्हणाले.

आपणही असेच निघतो, मागून कुणीतरी ढकलतंय या भरवशावर. पुढची चाकं बिचारी दिशा दाखवतात. पण खालची जमीनच निसटली की त्यांचं कोण ऐकतं?

काचेवर बर्फ भुरभुरत होता. ताईने विचारलं, “आता तरी खरं सांगा, चारही चाकांची का नाही घेतलीत?”

स्टिअरिंगवरचे हात न काढता दाजी म्हणाले, “पूजेला लिंबं चारही चाकांखाली ठेवली होती.”