पाणबुड्याचं खारं पाणी

त्याला सगळे पाणबुड्या म्हणत. गंमत अशी की समुद्र त्या शहरापासून बसने दिवसभराच्या अंतरावर होता, आणि कित्येक वर्षांत पाणबुड्याचा हात काचेच्या टाकीपेक्षा खोल पाण्यात गेला नव्हता.

एके काळी मात्र ते नाव खरं होतं. तो आणि त्याचा थोरला भाऊ, दोघे मिळून खडकांवरचे रंगीत मासे जिवंत पकडायचे आणि टाक्या बाळगणाऱ्या हौशी लोकांसाठी पाठवायचे. दादा होडी सांभाळायचा आणि हा जाळं घेऊन खाली जायचा. खाली गेला की याला वर यायची शुद्ध राहत नसे. दादा वरून याच्या कमरेला बांधलेली दोरी ओढून ओढून हात दुखवून घ्यायचा. एकदा सर्दी अंगावर काढून हा खोल उतरला, तो कान फोडून घेऊनच वर आला. कानाच्या डॉक्टरने तपासलं आणि सरळ सांगितलं, "पुन्हा बुडी मारलीत तर खाली चक्कर येईल. आणि पाण्याखाली धरायला भिंत नसते."

झालं, धंदा बसला. मग ज्या व्यापाऱ्याकडे मासे जायचे, त्याच्याच शहरातल्या गोदामात तो कामाला लागला. आपण इतक्या हौसेने पकडलेले मासे इथे पोचून कसे पटापट मरतात, हे त्याने पहिल्यांदा पाहिलं. ते का मरतात, याचा त्याने ध्यासच घेतला. गोदामाच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याने त्याला सूक्ष्मदर्शकाखाली कल्ल्याचा तुकडा कसा बघायचा ते शिकवलं. बाकीचं त्याला समुद्रानेच शिकवलेलं होतं. धडधाकट मासा कसा वागतो हे त्याने माशांच्या घरी जाऊन पाहिलं होतं. पुढे गोदाम बंद पडलं, पण लोक त्याला घरी बोलवू लागले. कुणाच्या दिवाणखान्यातला मासा रुसलाय, कुणाच्या दवाखान्यातला मासा कुशीवर पडलाय, की पाणबुड्याला फोन जायचा.

त्याची बायको पडदे शिवायची. गोदामाच्या खिडक्यांची मापं घ्यायला ती आली होती, ती अशी त्याच्या आयुष्यातच राहिली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत ओट्याखाली तीन उघड्याबोडक्या टाक्या होत्या. हेच त्याचं इस्पितळ. "आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला आधी सांगावं लागतं," ती म्हणायची, "कुठलं मीठ भाजीचं आणि कुठलं माशांचं."

दर रविवारी सकाळी दादाचा फोन यायचा. पाणबुड्या चांगला कान फोनला लावून खिडकीत बसायचा आणि एकेक विचारायचा. मोठ्या खडकावर पिवळ्या माशांचा थवा आहे का? त्या कपारीतली म्हातारी वाम अजून दात दाखवते का? दादा सगळं रंगवून सांगायचा. फोन ठेवल्यावरही पाणबुड्या खिडकीतच बसून राहायचा. चहा गार व्हायचा.

"सवत असती तर भांडून तरी घेतलं असतं," बायको एकदा पडद्याची कड दुमडत म्हणाली. "समुद्राशी काय भांडू? अहो, एकदा जाऊन या की."

"भरल्या ताटासमोर तोंड बांधून कशाला बसायचं?" तो म्हणाला आणि उठून टाकीचं पाणी बदलायला लागला.

असे दिवस चालले असताना त्याला चष्म्याच्या दुकानातून बोलावणं आलं.

दुकान एका बाईंचं होतं. भिंतीला लागून मोठी टाकी होती आणि तिच्यात आता एकच मासा उरला होता. गडद निळा, ताटलीसारखा चपटा, शेपटीच्या बुडाशी सुरीसारखं पातं असलेला. त्या पात्यामुळेच या जातीला सर्जन म्हणतात. दुकानात मात्र त्याचं नाव मॅनेजर होतं, कारण येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे तो काचेशी येऊन वरपासून खालपर्यंत बघायचा.

"धाकटे दोन मासे गेले," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "हा खात नाही. दगडाला अंग घासतो. आणि डोळा बघा याचा. चष्म्याच्या दुकानात राहून मोतीबिंदू, लोक हसतील मला."

पाणबुड्या हसला नाही. त्याने स्टूल ओढलं आणि टाकीसमोर बसून राहिला. मासा धापा टाकत होता. एका डोळ्यावर दुधाळ साय आली होती. मासे विकणाऱ्या दुकानदाराने दिलेलं, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचं औषध बाईंनी आधीच घालून पाहिलं होतं.

"दुकानदाराचं चुकलं नाही," पाणबुड्या म्हणाला. "दहातल्या नऊ माशांना तोच रोग असतो. पण याच्या अंगावर ठिपका कुठे आहे?"

तेवढ्यात मासा कोपऱ्यात गेला. तोंड वर केलं, पर पसरले, आणि हलायचा थांबला. तसाच उभा राहिला.

"हे असं सारखं करतो," बाई म्हणाल्या. "शेवटचं आलंय का त्याचं?"

पाणबुड्या काचेजवळ वाकला. "नाही. वाट बघतोय."

"कुणाची?"

"समुद्रात ठरलेले खडक असतात. तिथे बोटाएवढे मासे राहतात, दुसऱ्यांच्या अंगावरचे किडे खाऊन जगतात. अंगाला काही चिकटलं की हे मोठे तिथे जातात आणि असेच उभे राहतात. असं, तोंड वर करून. म्हणजे, बाबा, माझं काढ. कधी कधी रांग असते. मी बघितलीय. एकमेकांना खाणारे तिथे गप उभे असतात, न्हाव्याच्या दुकानात बसल्यासारखे."

बाईंनी माशाकडे पाहिलं. "पण इथे कोण येणार?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "पण त्याला ते कुठे माहीत आहे?"

त्या उभं राहण्यावरूनच त्याला संशय आला होता. आता खात्री करायची होती. त्याने बादलीत गोडं पाणी घेतलं, टाकीइतकंच कोमट केलं, चिमूटभर सोडा घालून टाकीच्या पाण्याशी जुळवलं, हवेची नळी सोडली आणि माशाला अलगद त्यात उतरवलं. माशाने एक उसळी मारली आणि आडवा पडला.

"मेला," बाई पुटपुटल्या.

"घाबरलाय. मी आहे." पाणबुड्याने पाण्यात हात ठेवून त्याला तळव्यावर तोलून धरलं. खाऱ्या पाण्यातल्या माशाला गोडं पाणी थोडा वेळ सोसतं, त्याच्या अंगावरच्या किड्यांना मुळीच सोसत नाही. पाहता पाहता माशाच्या निळ्या अंगावर पांढुरके डाग उमटले, जणू आतापर्यंत काचेचे होते आणि आता त्यांना रंग चढला. मग ते सुटले आणि नखाच्या कपच्यांसारखे तळाशी बसू लागले. डोळ्यावरचीसुद्धा एक कपची सुटली.

बाईंनी गल्ल्यावरचं भिंग आणलं, तळातला एक थेंब काचेवर घेऊन पाहिला आणि भिंग त्याच्या हातात दिलं. "हा वळवळतोय."

"चपटे कृमी. अंगाच्याच रंगाचे होऊन बसतात, म्हणून दिसत नाहीत." त्याने मासा परत खाऱ्या पाण्यात सोडला. "पण यांची अंडी टाकीतच आहेत. आज औषध घालतो. अंडी फुटून पिल्लं बाहेर आली की पुन्हा घालायचं. मध्येच बरा दिसला म्हणून सोडलंत तर सगळं मुसळ केरात."

बाईंनी सोडलं नाही. दुसऱ्यांदा औषध पडलं, डोळ्यावरची साय विरत गेली, आणि एके दिवशी त्यांचा फोन आला की मॅनेजर आज कामावर हजर झाले, पालेभाजीचं पान खाल्लं आणि एका गिऱ्हाइकाला घाबरवलं.

त्या दिवशी जेवताना पाणबुड्याने बायकोला सगळं सांगितलं. मासा बरा झाल्याचं दोन वाक्यांत आटोपलं, पण तो कोपऱ्यात कसा उभा होता, हे पुन्हा पुन्हा सांगत राहिला. घास हातातच राहिला. बायको ऐकत होती. ताटं उचलता उचलता ती म्हणाली, "आपण जाऊ या. मी अजून समुद्र पाहिला नाही. तुमच्यासाठी नको, माझ्यासाठी चला."

तो तयार झाला. दादाला फोन केला तर तो चाचरला. सध्या हवा बरी नाही, होडी दुरुस्तीला आहे, पुढच्या खेपेला या. "मी फोनवर कधी यायचं म्हटलं की भाऊजी हेच सांगतात," बायको म्हणाली. मग ते न कळवताच निघाले.

दादा दारातच भेटला. पाठीत वाकला होता. धाकट्या भावाला त्याने मिठी मारली, पण नजर चुकवली. वहिनींनी पाणी दिलं आणि त्या पटकन आत गेल्या. होडी अंगणातून दिसत होती, पाण्यावर धडधाकट डुलत होती.

"दुरुस्त झाली वाटतं," पाणबुड्या म्हणाला.

दादा ओटीच्या कडेला बसला. "छोट्या, बस इथे. तिकडे काही उरलं नाही रे. एका उन्हाळ्यात पाणी असं तापलं की उतरेना. खडकांवरचं सगळं पोवळं पांढरं पडलं, हाडांसारखं. मग त्यावर शेवाळ चढलं. मासे गेले."

"कधी?"

"झाली काही वर्षं."

पाणबुड्या त्याच्याकडे बघतच राहिला. "मग रविवारी काय सांगायचास मला?"

"तू विचारायचास इतक्या आशेने. पहिल्या वेळी जीभ रेटेना. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. मग तुझ्याबरोबर मलाही ते ऐकायची सवय लागली."

"आणि गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलेलं कासव?"

"कासव खरं होतं," दादा घाईने म्हणाला. "देवाशपथ, कासव होतं."

पाणबुड्या उठून पाण्यापर्यंत गेला, घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि परत आला. "चल," तो म्हणाला. "दाखव."

तिघं होडीतून निघाली. दादाकडे काचेच्या बुडाची बादली होती. ती पाण्यावर टेकवून डोकं आत घातलं की तळ दिसतो, कान भिजत नाहीत. मोठ्या खडकावर पोचल्यावर पाणबुड्याने पहिल्यांदा पाहिलं. पाहून झाल्यावरही त्याने डोकं लवकर बाहेर काढलं नाही. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग बादली तिने घेतली.

"अगं बाई," ती आतून म्हणाली. तिचा आवाज बादलीत घुमला. "मासा आहे. काळ्या पट्ट्यांचा. दोन आहेत. किती छान दिसतं हो खाली." तिने डोकं वर काढलं. चेहऱ्यावर बादलीच्या कडेचा वळ उठला होता. "हे असंच होतं का, तुम्ही होतात तेव्हा?"

दादाने वल्हं थांबवून भावाकडे पाहिलं.

"नाही," पाणबुड्या म्हणाला. "तो करडा उतार दिसतो ना, तिथे जांभळी झाडं होती. म्हणजे झाडं नव्हेत, पण तशीच दिसायची. पाणी हललं की सगळा उतार एका बाजूला झुकायचा. त्याच्यावर पिवळ्यांचा थवा."

"थवा तिथे नसायचा," दादा म्हणाला. "पलीकडच्या बाजूला."

"खाली कोण जायचं? तू की मी?"

"दोरी कुणाच्या हातात होती? तू कुठे आहेस ते मला दोरीवरून कळायचं. पलीकडेच असायचास तू."

"अलीकडे वाम होती. थव्याला वळसा घालून मी वामेकडे यायचो, म्हणून दोरी पलीकडून ओढली जायची."

बायको एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. "थांबा," ती म्हणाली. तिने पुन्हा बादलीत डोकं घातलं आणि आतूनच विचारलं, "आता सांगा. जांभळं कुठून सुरू व्हायचं?"

पाणबुड्या होडीच्या कडेवरून वाकला आणि बोट दाखवून सांगू लागला. पाण्यावर हलक्या लाटा होत्या. दादा मध्येच नाही नाही म्हणत होता, पण होडी धाकटा दाखवेल तिकडे हळूहळू नेत होता.