कोपरा फाटलेलं पत्र

कसब्यात जर्मन शिकलेली माणसं हल्ली दर जिन्यावर एक सापडतील. पण दीडशे वर्षांपूर्वीचं जर्मन हस्ताक्षर वाचणारी एकच, कुसुम आगाशे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बेल एकदाच वाजवावी. चौतीस वर्षं शाळेत जर्मन शिकवून बाई निवृत्त झाल्या. त्यांचे अर्धे विद्यार्थी जर्मनीत स्थायिक झालेत आणि दर दिवाळीला सगळे फोनवर तेच एक पणतीचं चित्र पाठवतात. यजमानांना जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. बोलायला कुणी नाही, असं त्या कधी कुणाला म्हणाल्या नाहीत. म्हणायला तरी कुणी हवं ना.

तनया नावाच्या जुन्या विद्यार्थिनीनं त्यांना एक काम आणून दिलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनला राल्फ नावाचे एक्क्याण्णव वर्षांचे गृहस्थ होते. त्यांच्या पणजीचा भाऊ मथियास हा खोगिरं शिवणारा कारागीर. जर्मनीतलं खेडं सोडून तो १८५७ साली अमेरिकेला गेला आणि तिथल्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं लढला. बहिणीला, लिझबेथला, त्यानं लिहिलेली बारा पत्रं पुढे तिच्या मुलांबरोबर अमेरिकेत आली. पण ती वाचता कुणालाच येईनात. राल्फना एकच जाणून घ्यायचं होतं, मथियास त्या युद्धातून वाचला की नाही. चाळीस वर्षं ते त्याचं नाव सैनिकांच्या थडग्यांवर शोधत होते. आता हिंडणं होत नव्हतं, म्हणून त्यांची नात क्लेअर कुसुमताईंना मेल करायची.

तिनं मेलवर पाठवलेले पत्रांचे फोटो अप्पा बळवंत चौकातून छापून आणून कुसुमताई रोज दुपारी कामाला बसू लागल्या. त्यासाठी त्यांनी दुपारची झोप सोडली, आणि पुण्यात याहून मोठा त्याग नाही.

मथियास साधा माणूस होता. पायांना फोड आलेत, बिस्किटं फोडायला दगड लागतो, बाकीचे शिपाई माझ्या इंग्रजीला हसतात, असं लिहायचा. त्याच्या गावची बोली बोलणारा पलटणीत एकच सोबती होता, तो पहिल्याच लढाईत गेला. 'लिझबेथ, आता आपली बोली मी मनातल्या मनातच बोलतो,' त्यानं लिहिलं होतं. ते इंग्रजीत उतरवताना कुसुमताईंना दोनदा चष्मा पुसावा लागला. पुढच्याच पानावर मात्र त्यांनी त्याला दटावलं, "अरे, मोजे भिजलेत तर काढून वाळत घाल ना! लिहीत काय बसलास?" रिकाम्या घरात स्वतःचा आवाज ऐकून त्या दचकल्या, पण त्यांना बरं वाटलं.

अकरा पत्रं सहा आठवड्यांत झाली. बारावं हातात घेतलं आणि त्या थबकल्या. मूळ कागदाचा वरचा कोपरा फाटलेला होता, छापलेल्या प्रतीतही ते स्पष्ट दिसत होतं.

त्यांच्या लहानपणी कुणी गेल्याचं कार्ड असंच यायचं, कोपरा फाडून. आई ते उंबऱ्याबाहेर उभी राहून वाचायची, तिथंच फाडून टाकायची आणि आंघोळ करायची. मामा गेल्याचं तसंच कळलं होतं. जर्मनांमध्ये अशी रीत नाही, हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण हात डोक्याचं ऐकेना. त्यांनी कागद पालथा घातला. दोन ओळी जरी पाहिल्या असत्या, तरी अक्षर मथियासचंच आहे हे कळलं असतं. त्या मात्र ठरवूनच बसल्या, की हे कुणा अधिकाऱ्यानं लिहिलेलं पत्र आहे आणि मथियास मेलाय.

वाचलं की तो जाणार, आणि दुपारही पुन्हा रिकामी होणार. मग त्या झालेलीच अकरा पत्रं घासूनपुसून काढत बसल्या. क्लेअरच्या मेल येत राहिल्या. 'आजोबा विचारतात.' 'आजोबा इस्पितळात आहेत, शेवटच्या पत्रात काय आहे?' कुसुमताई उत्तर द्यायच्या, 'अक्षर फार अवघड आहे.' शाळेत असं खोटं बोलणाऱ्या पोराला त्यांनी बाकावर उभं केलं असतं.

पाच आठवडे असेच गेले. शेवटी एका सकाळी मनाचा हिय्या करून त्या कागद घेऊन जिन्यात आल्या. दाराबाहेर, उभ्यानंच त्यांनी वाचायला घेतलं.

'प्रिय लिझबेथ, युद्ध संपून दोन वर्षं झाली. मी जिवंत आहे. पुन्हा खोगिरं शिवतो. तुला चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. माझ्यावर रागावली असशील तर तेच लिही, पण लिही. माझ्या घरात दोन खुर्च्या आहेत. दुसरीवर मी टोपी ठेवतो.'

कुसुमताई पायरीवर बसल्या आणि मोठ्यानं हसल्या, मग रडल्या. "मेल्या, जिवंत आहेस होय!" म्हणत त्या आत धावल्या आणि तासाभरात भाषांतर पाठवून दिलं. वर लिहिलं, 'राल्फना आत्ताच्या आत्ता वाचून दाखवा.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

'आजोबा गेल्या गुरुवारी गेले. शुद्धीवर होते तोवर पुण्याहून काही आलं का, विचारत होते. आम्ही चिडायचो, तर म्हणायचे, त्या बाईंना घाई करू नका, त्या एकेक शब्द तोलून लिहितात. शनिवारी त्यांच्या थडग्यापाशी हे पत्र वाचणार आहोत. इतक्या काळजीनं काम केल्याबद्दल आभार.'

कुसुमताईंनी ते तीनदा वाचलं. 'ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो' असं इंग्रजीत लिहिलं आणि पुसलं. मग सावकाश लिहिलं:

'प्रिय क्लेअर, अक्षर अवघड नव्हतं. पाच आठवडे मी ते पत्र वाचलंच नाही. मथियास गेला तर मला दुपारी कुणी उरणार नव्हतं. शनिवारी हेसुद्धा वाचा.'

आणि पाठवून दिलं.